तलावातलं शिसं-तांबं मोजायचंय? मग आधी बाटली धुवा

गणपती विसर्जन झालं की ठाण्यात दरवर्षी कुणी ना कुणी बीएससी-एमएससीवाले तलावाकाठी बाटल्या घेऊन दिसतातच, आणि प्रोजेक्टचं नावही ठरलेलं असतं, अमुक तलावातील जड धातूंचा अभ्यास. मग पाच-सहा सँपल, एक टेबल, टेबलात शेवटच्या कॉलमला पिण्याच्या पाण्याचं लिमिट आणि खाली निष्कर्ष की पाणी प्रदूषित आहे. आता खरं सांगायचं तर यातून तलावाबद्दल फारसं काहीच कळत नाही. धातू किती आहे हा प्रश्न अर्धाच आहे. तो कुठल्या रूपात आहे, कशाला चिकटून बसलाय आणि उद्या तिथून सुटणार आहे का, हे कळलं तर माशाला, शेवाळाला त्याचा त्रास होणार की नाही ते सांगता येतं. ज्यांनी आजवर यातलं काहीच केलेलं नाही पण हाताशी कॉलेजची बऱ्यापैकी लॅब आहे आणि मशीनवरची टेस्ट बाहेर पैसे देऊन करून घेता येईल, अशांसाठी हे लिहितोय.

आधी पाणी गोडं आहे ना ते बघा

हसू नका, नवी मुंबईत हा प्रश्न खरंच येतो. नेरूळचं ज्वेल ऑफ नवी मुंबई किंवा वाशीकडचे होल्डिंग पाँड (पावसाचं पाणी साठवायची तळी) लांबून तलावच वाटतात पण त्यांचं नातं खाडीच्या भरतीशी आहे, त्यात खारं पाणी येतं. खाऱ्या पाण्यात क्लोराइड इतकं असतं की कॅडमियमसारखा धातू क्लोराइडला धरून बसतो आणि गोड्या पाण्याची सगळी गणितं बदलतात. साधा कंडक्टिव्हिटी मीटर घेऊन जा, पाण्यात क्षार किती ते त्यावरून कळतं. समुद्राचं पाणी 50,000 मायक्रोसीमेन्सच्या आसपास असतं, आपले शहरातले तलाव सहसा काही शेकड्यांत, त्यामुळे हजारोंमध्ये आकडा दिसला तर जागा बदला. मासुंदा म्हणजे तलावपाळी, उपवन, कचराळी, रायलादेवी हे चालतील. वाहतं पाणी हवं असेल तर येऊरचे ओढे आहेत, पण तो भाग संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात येतो, वनखात्याची परवानगी काढल्याशिवाय सँपलिंग करायचं नाही. पावसाळ्यात खारघरच्या पांडवकड्याकडे तर फिरकूच नका, तिथे बंदी उगाच लागत नाही. आणि एमआयडीसीतल्या नाल्यात एकट्याने उतरायचं नाही, वास येत नाही म्हणजे गॅस नाही असं समजू नका, हायड्रोजन सल्फाइड जास्त झाला की नाकाला वासच कळेनासा होतो.

जागा ठरली की वेळ ठरवा. मे महिन्यातलं आटलेलं पाणी, जूनचा पहिला जोरदार पाऊस, ऑगस्टमधलं पातळ झालेलं पाणी, विसर्जनानंतर आणि मग जानेवारी, एवढं केलंत तरी वर्षाचा बऱ्यापैकी अंदाज येतो. पहिला पाऊस चुकवू नका, कारण घोडबंदर रोडसारख्या रस्त्यावर महिनोन्महिने साचलेली धूळ त्या एका पावसात धुऊन जाते आणि त्या धुळीत टायरमधलं जस्त आणि ब्रेक पॅडमधलं तांबं असतं.

बाटल्या, हातमोजे आणि तुमचं सनस्क्रीन

इथे जरा रेंगाळणार आहे, कारण बहुतेकांचा डेटा इथेच वाया जातो. आपण मोजतोय ते एका लिटरमध्ये एखादा मायक्रोग्रॅम. जगभरातल्या नद्यांमध्ये विरघळलेल्या तांब्याची सरासरी लिटरला साधारण दीड मायक्रोग्रॅम आणि शिशाची तर 0.1 च्याही खाली आहे. एवढंसं शिसं बोटाला लागलेल्या धुळीतूनही येऊ शकतं. क्लेअर पॅटरसन नावाच्या शास्त्रज्ञाने पृथ्वीचं वय काढता काढता हेच शोधून काढलं की लॅबमध्ये सगळीकडे शिसंच शिसं आहे, मग त्यांनी लॅबच इतकी स्वच्छ करायला घेतली की पुढे इतरांचे जुने आकडे मोडीत निघाले. समुद्राच्या पाण्यातल्या धातूंचे 1970 च्या आधीचे बरेच आकडे पाण्याचे नव्हतेच, बाटलीचे, बोटीचे आणि हाताचे होते.

बाटली पॉलिथिनची घ्या, एलडीपीई किंवा एचडीपीई. काच नको, मिनरल वॉटरची रिकामी बाटलीही नको, त्या प्लास्टिकच्या बनावटीत अँटिमनी वापरतात आणि झाकणाचा भरवसा नाही. बाटली साबणाने धुवा, नळाच्या पाण्याने, मग डिस्टिल्ड वॉटरने, आणि मग 10 टक्के नायट्रिक अ‍ॅसिडमध्ये किमान एक रात्र बुडवून ठेवा, जमलं तर जास्त. त्यानंतर अल्ट्राप्युअर पाण्याने तीन-चार वेळा खळखळवून धुवायची आणि झिप लॉकच्या पिशवीत, ती पिशवी परत दुसऱ्या पिशवीत. लेबल बाहेरच्या पिशवीवर, आणि बाटलीवर लिहायचं असेल तर लॅबमध्येच लिहून घ्या.

हातमोजे नायट्राइलचे, पावडर नसलेले, कारण पावडरवाल्या मोज्यांमधून जस्त सुटतं. सनस्क्रीन लावून जाऊ नका, त्यात बऱ्याचदा झिंक ऑक्साइड असतं, आणि नंतर तुम्ही 'तलावात जस्त जास्त' असं लिहून मोकळे व्हाल. पाणी काढायला लोखंडी किंवा जीआय बादली अजिबात नाही, जीआय म्हणजे जस्ताचाच मुलामा. गंजलेल्या रेलिंगवरून वाकून सँपल घेणं टाळा.

सँपल घ्यायला दोघं लागतात. एकाचे हात 'स्वच्छ', दुसऱ्याचे 'घाण'. घाण हातवाला बॅग उघडतो, बाहेरची पिशवी धरतो, मीटर हाताळतो, पेन उचलतो. स्वच्छ हातवाला फक्त आतली पिशवी आणि बाटली हातात घेतो, बाकी कशालाच शिवत नाही, फोन वाजला तरी. अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेने (ईपीए) 1990 च्या दशकात ही पद्धत मेथड 1669 म्हणून लिहून ठेवलीय आणि आपल्याकडे ती एक पैसाही जादा न घालता जमते. काठापासून थोडं आत, वाऱ्याकडे तोंड करून, बाटली उलटी बुडवून पाण्याखाली वीसेक सेंटीमीटरवर सरळ करायची म्हणजे वरचा तवंग आत येत नाही.

आणि फील्ड ब्लँक. लॅबमधून निघताना एका बाटलीत अल्ट्राप्युअर पाणी न्यायचं, तलावाकाठी ते दुसऱ्या स्वच्छ बाटलीत ओतायचं, आणि पुढे त्याच्यावर सँपलसारखेच सगळे संस्कार करायचे. या ब्लँकमध्ये जे शिसं निघेल ते तुमचं आहे, तलावाचं नाही. ज्या रिपोर्टमध्ये ब्लँक नाही तो मी पुढे वाचत नाही.

आधी गाळायचं, मग अ‍ॅसिड

हा क्रम उलटा झाला की सँपल गेलंच म्हणायचं. पाणी 0.45 मायक्रॉनच्या फिल्टरमधून गाळलं की खाली आलं ते 'विरघळलेलं' असं आपण समजून चालतो, समजूत म्हणतो कारण कोलॉइड म्हणजे अतिबारीक तरंगते कणही त्यातून पार होतात, पण जगभर रेघ तिथेच मारतात. सिरिंज आणि सिरिंज फिल्टर घेऊन काठावरच गाळा, सुरुवातीचे काही मिली फेकून द्या. त्यानंतर नायट्रिक अ‍ॅसिड घालून पीएच 2 च्या खाली आणायचा, लिटरला दीड-दोन मिली काँसंट्रेटेड अ‍ॅसिडने सहसा काम होतं. अ‍ॅसिड आधी घातलंत तर मातीच्या कणांना चिकटलेला धातूही सुटून पाण्यात येतो आणि मग गाळून काय उपयोग. अ‍ॅसिड ट्रेस मेटल ग्रेडचंच घ्या, महाग असतं पण थोडंच लागतं, साध्या ग्रेडमध्ये धातूंचे अंश असतात. असं सँपल सहा महिने टिकतं. पारा मात्र वेगळा प्रकार आहे, त्याची बाटली, त्याची मुदत सगळंच वेगळं, पहिल्या प्रोजेक्टमध्ये त्याच्या नादी लागू नका.

हेक्झाव्हॅलंट म्हणजे सहा-व्हॅलंट क्रोमियम मोजायचं असेल तर त्या बाटलीत अ‍ॅसिड घालायचंच नाही. पाण्यात सेंद्रिय पदार्थ असतात, अ‍ॅसिड पडलं की ते सहा-व्हॅलंट क्रोमियमचं तीन-व्हॅलंट करून टाकतात, म्हणजे विषारी रूप बाटलीतच गायब. बर्फाच्या डब्यात ठेवा आणि 24 तासांच्या आत डायफेनिलकार्बाझाइडने मोजा, जांभळा रंग येतो, 540 नॅनोमीटरवर वाचायचा. ही टेस्ट कॉलेजच्या साध्या स्पेक्ट्रोफोटोमीटरवर होते, आणि रंग चढताना बघायला मजाही येते.

काठावर मोजायच्या गोष्टी, ज्या सगळे विसरतात

पीएच, तापमान, विरघळलेला ऑक्सिजन आणि कंडक्टिव्हिटी तिथेच मोजा, घरी आणून नाही. अल्कलिनिटी (पाण्यातले बायकार्बोनेट-कार्बोनेट) आणि हार्डनेस (पाण्याचा जडपणा, म्हणजे कॅल्शियम-मॅग्नेशियम) त्याच दिवशी टायट्रेट करा, हार्डनेसला ईडीटीए आणि रंग दाखवायला एरिओक्रोम ब्लॅक टी, वाइन रेड जाऊन निळा झाला की थांबायचं. सेंद्रिय कार्बन मोजायची सोय नसेल तर गाळलेल्या पाण्याचं 254 नॅनोमीटरला यूव्ही शोषण घ्या, निदान तुलना तरी करता येते.

घड्याळातली वेळ लिहायची म्हणजे लिहायची. आपले तलाव हिरवे असतात, दिवसभर शेवाळ कार्बन डायऑक्साइड खातं आणि दुपारी पीएच 9 च्या वर जाऊ शकतो, तोच पहाटे बराच खाली आलेला असतो. पीएच वाढला की जस्तासारखे धातू कणांना जास्त चिकटतात, म्हणून पहाटेचं आणि दुपारचं विरघळलेलं जस्त एकाच जागेवर वेगळं निघतं. मासुंद्याचं सँपल सकाळी सातला आणि उपवनचं दुपारी तीनला घेऊन दोन तलावांची तुलना करणाऱ्यांना काय सांगणार.

आता केमिस्ट्री

पाण्यात तांबं आहे म्हणजे काय आहे? थोडं सुटं आयन, थोडं कार्बोनेटला धरलेलं, आणि बरंचसं सेंद्रिय पदार्थांना चिकटलेलं. बहुतेक गोड्या पाण्यात विरघळलेल्या तांब्यातला 90 टक्क्यांहून जास्त भाग असा ह्युमिक-फल्व्हिक पदार्थांनी पकडलेला असतो. ते येतात कुठून तर कुजलेल्या पाल्यातून, मातीतून, आणि आपल्याकडे निर्माल्यातूनही. तलावात पडलेला झेंडू कुजला की ऑक्सिजन खातो हे खरं, पण त्यातून सुटलेला सेंद्रिय माल तांब्याला गुंतवूनही ठेवतो. यावरून निर्माल्य टाकायला माझा पाठिंबा आहे असं कृपया समजू नका.

पकड कुणाची घट्ट याचा एक क्रम 1948 मध्ये आयर्विंग आणि विल्यम्स यांनी मांडला, मँगनीज सगळ्यात सैल, मग लोखंड, कोबाल्ट, निकेल, आणि सगळ्यात घट्ट तांबं, त्यानंतर जस्त परत सैल. म्हणून एकाच तलावात तांबं गुंतलेलं असतं आणि जस्त, कॅडमियम बऱ्यापैकी सुटं फिरत असतं. शिशाची गोष्ट तिसरीच, त्याला गाळाचे कण आणि लोखंडाचे ऑक्साइड आवडतात, त्यामुळे गाळलेल्या पाण्यात शिसं सापडत नाही आणि न गाळलेल्यात बरंच निघतं. दोन्ही मोजा, फरकच महत्त्वाचा आहे. क्रोमेट, म्हणजे पाण्यातलं सहा-व्हॅलंट क्रोमियम, हा ऋण आयन असल्यामुळे उलटा वागतो, पीएच वाढला की कणांपासून सुटतो.

माशाला त्रास मुख्यतः सुट्या आयनाचा. माशाच्या कल्ल्यावर धातू बसायच्या जागा मोजक्याच, आणि त्या जागांसाठी कॅल्शियम-मॅग्नेशियमही धक्काबुक्की करत असतात, सकाळच्या फास्ट लोकलमध्ये चौथ्या सीटसाठी चालते तशी. पाणी जड असेल तर बऱ्याच जागा कॅल्शियमने आधीच धरलेल्या असतात, मग तेवढंच तांबं कमी मारक ठरतं. यावरच बायोटिक लिगँड मॉडेल उभं आहे. तलावातलं शेवाळ मारायला मोरचूद (कॉपर सल्फेट) टाकायची जुनी पद्धत आहे, ती जड आणि हिरव्या पाण्यात लवकर फुस्स का होते त्याचं उत्तरही इथेच आहे, तांबं कार्बोनेटबरोबर आणि सेंद्रिय पदार्थांबरोबर गुंततं आणि शेवटी गाळात जाऊन बसतं.

ही गणितं हाताने करायची गरज नाही. व्हिज्युअल मिंटेक नावाचं सॉफ्टवेअर फुकट आहे, त्यात पीएच, तापमान, अल्कलिनिटी, कॅल्शियम, सेंद्रिय कार्बन आणि तुमचा धातू टाकलात की कुठल्या रूपात किती ते येतं. वर काठावर मोजायच्या गोष्टींचा एवढा आग्रह धरला तो यासाठीच, त्या नसतील तर मॉडेलला खायला काही नाही. प्रत्यक्ष मोजायचंच असेल तर डीजीटी नावाची चकती मिळते, 1994 मध्ये डेव्हिसन आणि झांग यांनी ती जगासमोर आणली, पाण्यात दिवसभर ठेवली की सुटा आणि सहज सुटणारा धातूच जेलमधून आत जाऊन रेझिनवर साठतो. पण उघड्या तलावात ती दिवसभर जागेवर राहील याची व्यवस्था आधी करा, पोरं काढून नेतात.

गाळ, म्हणजे खरी तिजोरी

वेळ आणि पैसा कमी असेल तर पाण्यापेक्षा गाळ घ्या असं माझं मत आहे. पाण्याचं सँपल त्या क्षणाचं, गाळात कित्येक वर्षं साठलेली असतात. पीव्हीसी पाइप रोवून कोअर, म्हणजे थर जसेच्या तसे असलेला गाळाचा उभा दंड, काढता येतो. चाळायला 63 मायक्रॉनची नायलॉनची जाळी, पितळेची चाळणी नको, पितळ म्हणजे तांबं आणि जस्तच.

आता आपल्याकडचा खास घोळ. ठाणे, येऊर, पारसिक सगळं डेक्कन ट्रॅपच्या बेसाल्टवर बसलंय, आणि बेसाल्टमध्ये मुळातच तांबं, निकेल, क्रोमियम, लोखंड भरपूर. पुस्तकात दिलेली शेल नावाच्या खडकाची तांब्याची सरासरी किंमत किलोला 45 मिलिग्रॅम, डेक्कनच्या बेसाल्टमध्ये ती 100 च्या वर सहज जाते. समजा तुमच्या गाळात तांबं 150 निघालं. म्युलरचा जिओअ‍ॅक्युम्युलेशन इंडेक्स काढताना बॅकग्राउंड, म्हणजे माणसाचा हात लागायच्या आधीचं प्रमाण, 45 धरलंत तर 150 भागिले 67.5 (45 ची दीडपट), त्याचा बेस दोनचा लॉग साधारण 1.15, म्हणजे 'मध्यम प्रदूषित'. आणि समजा येऊरच्या माणसाचा फारसा हात न लागलेल्या मातीत 130 मिळालं आणि ते धरलंत तर 150 भागिले 195, उत्तर उणे 0.38, म्हणजे प्रदूषण नाहीच. तलाव तोच, गाळ तोच. म्हणून तलावाच्या वरच्या बाजूची स्वच्छ माती किंवा कोअरचा सगळ्यात खालचा थर हाच तुमचा बॅकग्राउंड धरा, पुस्तकातला नको. शिसं आणि कॅडमियम बेसाल्टमध्ये फार नसतं, त्यामुळे माणसाची करामत शोधायची तर ते दोघं जास्त खरं बोलतात.

गाळातला धातू कशाला चिकटलाय ते बघायला टेसियरची 1979 ची पायरीपायरीची पद्धत अजून चालते: आधी मॅग्नेशियम क्लोराइडने नुसता चिकटलेला भाग, मग पीएच 5 च्या अ‍ॅसिटेटने कार्बोनेटचा, मग हायड्रॉक्सिलअमाइनने लोखंड-मँगनीज ऑक्साइडचा, मग हायड्रोजन पेरॉक्साइडने सेंद्रिय आणि सल्फाइडचा, उरला तो खनिजाच्या आतला. शेवटच्या पायरीला हायड्रोफ्लोरिक अ‍ॅसिड लागतं, ते नवख्याने हातात घ्यायचं नाही, अ‍ॅक्वा रेजियावर (नायट्रिक आणि हायड्रोक्लोरिकचं मिश्रण) भागवा आणि तसं रिपोर्टमध्ये लिहा. काळा, सडक्या अंड्याचा वास येणारा गाळ असेल तर या पायऱ्या करायच्या गाळाला हवा लागू देऊ नका, वाळवूही नका.

त्या काळ्या गाळाचं विसर्जनाशी थेट नातं आहे. पीओपी म्हणजे कॅल्शियम सल्फेट. मूर्ती विरघळते तसं पाण्यात कॅल्शियम वाढतं, हार्डनेस वाढतो, म्हणजे रंगातून आलेल्या धातूंचा कल्ल्यावरचा जोर काही काळ उलट कमी होऊ शकतो. सल्फेट खाली गाळात जातं, तिथे ऑक्सिजन नसतो, बॅक्टेरिया त्याचं सल्फाइड करतात आणि ते सल्फाइड शिसं, कॅडमियम, जस्त, तांबं पकडून ठेवतं. म्हणजे नुसतं पाणी तपासलंत तर विसर्जनानंतर महिन्याभराने 'सगळं ठीक' असं उत्तर येऊ शकतं, आणि माल खाली बंद पेटीत. पेटी उघडते कधी, तर उन्हाळ्यात गाळ काढतात तेव्हा. गाळ ढवळला, काठावर पसरला, हवा लागली, सल्फाइडचं परत सल्फेट झालं आणि धातू मोकळे. गाळ काढण्याच्या आधी, चालू असताना आणि नंतर सँपल घेणारा प्रोजेक्ट कुणी केला तर मला वाचायला आवडेल.

मशीन आणि आकडे

फ्लेम एएएसवर (ज्योतीतल्या प्रकाश शोषणावरून धातू मोजणारं मशीन) तलावातलं शिसं शोधू नका, ते त्याच्या नजरेत येत नाही. त्याहून बरंच कमी प्रमाण पकडणारं ग्रॅफाइट फर्नेस एएएस किंवा आयसीपी-एमएस मशीन लागतं. लोखंड, मँगनीजला आयसीपी-ओईएस पुरेसं आहे. आर्सेनिक बघायचं असेल तर सँपलमध्ये हायड्रोक्लोरिक अ‍ॅसिड टाळा, आयसीपी-एमएसमध्ये मशीनमधला आरगॉन आणि त्यातलं क्लोरीन मिळून 75 मासचा आयन तयार होतो, आर्सेनिकचं मासही 75 च, म्हणजे मशीनला तो आर्सेनिकच वाटतो. लॅबला सँपल देताना सोबत ब्लँक, एखाद्या सँपलची डुप्लिकेट आणि शक्य असेल तर धातू किती ते आधीच ठाऊक असलेलं, एनआयएसटी 1640ए सारखं प्रमाणित पाणी नाव न सांगता द्या. लॅब नावाजलेली असो वा नसो, हे केल्याशिवाय आकडा घ्यायचा नाही.

डिटेक्शन लिमिटच्या खालचा आकडा शून्य म्हणून लिहू नका, 'इतक्यापेक्षा कमी' असं लिहा. आणि आयएस 10500 हे पिण्याच्या पाण्याचं मानक आहे, त्यात शिसं लिटरला 10 मायक्रोग्रॅम आणि जस्त 5 मिलिग्रॅमपर्यंत चालतं, पण 5 मिलिग्रॅम जस्तात पाण्यातले बारीक जीव तग धरणार नाहीत. तलावातलं कुणी पीत नाहीये, तुम्ही परिसंस्था बघताय, तर तुलना जलचरांसाठीच्या हार्डनेसवर बसवलेल्या निकषांशी करा.

आकडा भलताच मोठा आला तर व्हॉट्सअ‍ॅपवर टाकायच्या आधी ब्लँक बघा, डुप्लिकेट बघा, युनिट बघा, पीपीबी (लिटरला मायक्रोग्रॅम) आणि पीपीएममध्ये (लिटरला मिलिग्रॅम) हजारपटीचा फरक आहे, आणि मग त्याच जागी त्याच वेळेला परत सँपल घ्या. उरलेलं अ‍ॅसिडवालं सँपल रिपोर्ट फायनल होईपर्यंत फ्रिजमध्ये राहू द्या. आणि बाटल्या बुडवलेलं नायट्रिक अ‍ॅसिड तसंच सिंकमध्ये ओतू नका, ते लॅबच्या अ‍ॅसिड वेस्टच्या कॅनमध्ये जातं.